डॉक्टर झालात, मग पीएच.डी. कशाला?

एमबीबीएसचा निकाल लागला की पुढच्या वाटेबद्दल घरात फारशी चर्चा होत नाही. नीट पीजी, मग मेडिसिन, सर्जरी किंवा रेडिऑलॉजी, जमले तर सुपरस्पेशालिटी आणि शेवटी गावात नाहीतर उपनगरात स्वतःचे हॉस्पिटल. या ठरलेल्या रस्त्यावरून एखादी मुलगी बाजूला झाली आणि ‘मला कॅन्सरवर पीएच.डी. करायची आहे’ म्हणाली, की घर गोंधळते. पीएच.डी. म्हणजे प्राध्यापक व्हायचे आहे का? मग एवढी डॉक्टरी शिकलीस कशाला? असे नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे कॉलेजातले सीनियरही विचारतात.

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या कात्रज-धनकवडी परिसरात हा प्रश्न कानावर पडणे साहजिक आहे. भारती विद्यापीठाच्या इथल्या आवारात १९८९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, भारती हॉस्पिटल आहे आणि ‘इर्षा’ या लघुनावाने ओळखली जाणारी इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स ही संशोधन संस्थाही आहे. एकीकडे केसपेपर हातात धरून बसलेली माणसे, दुसरीकडे प्लॅस्टिकच्या चपट्या फ्लास्कमध्ये वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी. रुग्ण आणि पेशी यांच्यातले अंतर इथे चालत जाण्याइतके आहे. पण देशभरातल्या अशा आवारांत ते अंतर रोज चालणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. वॉर्डातल्या डॉक्टरला लॅबमध्ये जायला वेळ नाही आणि लॅबमधल्या संशोधकाला वॉर्डात जायला कारण नाही.

कर्करोगाबद्दल महाराष्ट्राने जगाला जे काही मोलाचे सांगितले, ते हे अंतर ओलांडणाऱ्यांनी सांगितले आहे. म्हणून डॉक्टरने कर्करोगविज्ञानात पीएच.डी. करणे ही चैन नाही, आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाची जागाही वाया जात नाही. ती सार्वजनिक गरज आहे, आणि तिच्यासाठी राज्याने पैसे, वेळ आणि पदे द्यायला हवीत.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे उदाहरण घ्या. १९२३ साली लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी होऊन ते मुंबईत परतले. ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवून पुढे टाटा मेमोरिअल रुग्णालयात आले. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची काचपट्टी पाहून ‘कर्करोग आहे’ किंवा ‘नाही’ एवढे लिहून ते थांबले असते, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण काही पुरुषांना कर्करोग नेमका कमरेवर, धोतर घट्ट आवळले जाते तिथेच होतो, हे त्यांनी हेरले. तंबाखू-चुन्याची खैनी ओठाच्या आत जिथे धरून ठेवतात, तिथेच गाठ येते, हेही हेरले. १९४५ साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारा निबंध अमेरिकेतल्या पॅथॉलॉजीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे तीच कातडी घासली जाते, रंग उडतो, जखम होते, भरते, पुन्हा होते आणि एक दिवस ती भरेनाशी होते. रुग्णाच्या कमरेकडे आणि काचपट्टीकडे एकाच माणसाने पाहिले, म्हणून हा धागा जुळला.

ही गोष्ट जुनी म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्कर स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. परकराची नाडी आयुष्यभर घट्ट बांधल्याने कमरेवर जुनाट जखम झाली आणि तिचा कर्करोग झाला. उपाय साधा आहे: नाडी सैल बांधा, रुंद पट्टा वापरा, जखम भरत नसेल तर लवकर दाखवा. ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखो स्त्रियांना उपयोगी पडणारी ही माहिती एका वॉर्डात कोणीतरी थांबून ‘असे का?’ म्हटल्यामुळे मिळाली.

पुण्याने या क्षेत्राला दिलेले मोठे नाव आहे कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ हुजूरपागेत शिकल्या. वडील दिनकरपंत समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी, १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह, आणि नंतर मुंबई. तिथे टाटा मेमोरिअलमध्ये खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर काम केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. ही पीएच.डी. विद्यापीठाच्या शांत इमारतीत झाली नाही. ती रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात झाली. गाईड डॉक्टर, विद्यार्थिनी जीवशास्त्रज्ञ आणि विषय रुग्णाचा.

त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ साली ‘हेला’ ही माणसाच्या पेशींची पहिली अखंड वाढणारी पेशीमालिका तयार करणारे हेच गाय. परत आल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू कसे एकत्र काम करतात, हे त्यांनी उंदरांवर तपासले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या, १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढे होत्या आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम त्यांनी केले. वडिलांची इच्छा मोडणारी ही मुलगी रुग्णांच्या कामी कुठल्याही डॉक्टरइतकीच आली.

अशी परंपरा असलेल्या देशात आज काय चित्र आहे? डॉ. समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचे शोधनिबंध मोजले. त्यांपैकी ३३२ संस्थांनी, म्हणजे ५७ टक्क्यांहून जास्त संस्थांनी, या दहा वर्षांत एकही निबंध प्रसिद्ध केला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५ निघाल्या, आणि देशाच्या एकूण कामातला ४० टक्के वाटा त्यांचाच होता. २०१६ साली हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा दोन दिवस चर्चा झाली. खरे तर त्यावर विधिमंडळात चर्चा व्हायला हवी होती.

संशोधन कागदावर सक्तीचे आहेच. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस लिहावी लागते, संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पास करावा लागतो. पण सकाळी राउंड, दुपारी ओपीडी, रात्री इमर्जन्सी, आणि त्यातून उरलेल्या वेळात थिसिस, असे वेळापत्रक असेल तर काय होणार? सिनॉप्सिस सीनियरच्या सिनॉप्सिसवरून बेततात, दीड वर्षात मिळतील तेवढ्या केसेस घेतात, आकडे स्टॅटिस्टिशियनकडे नेऊन देतात, बांधणी करून ग्रंथालयात ठेवतात. यात मुलांचा दोष नाही. प्रश्न कसा विचारायचा हे शिकवायला कोणाला सवड नसते, आणि चुकीचे उत्तर आले तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

पीएच.डी. नेमके तेच शिकवते. डॉक्टर झालेल्या मुलाला ते शिकणे फार जड जाते.

कारण वॉर्डाची लय वेगळी असते. रुग्णाचा रक्तदाब पडला तर सलाईन चढते, तासाभरात फरक दिसतो. लॅबमध्ये उत्तराला महिने लागतात आणि बहुतेक वेळा ते ‘नाही’ असे येते. पेशी वाढवण्याचेच काम पाहा. पेशींना ज्या द्रवात ठेवतात तो गुलाबी असतो, कारण त्यात फिनॉल रेड घातलेले असते. पेशी वाढल्या, त्यांनी टाकलेले आम्ल साचले की द्रव नारिंगी होतो, मग पिवळा. फ्लास्क पिवळा दिसला म्हणजे खाद्य बदलायला उशीर झाला. इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड कायम ठेवावा लागतो. लॅमिनार हूडमध्ये हात घालण्याआधी ग्लोव्हजवर ७० टक्के अल्कोहोल मारायचे. तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन घालायचे आणि दोन-तीन मिनिटे सूक्ष्मदर्शकातून बघत राहायचे. पसरलेल्या पेशी आक्रसून गोल होतात, मग तरंगू लागतात. त्या क्षणी ट्रिप्सिन थांबवले नाही तर पेशी खराब होतात. आणि एवढे सांभाळूनही एखाद्या सकाळी फ्लास्कमध्ये कापसासारखा धागा तरंगताना दिसतो. बुरशी! मग तो फ्लास्क, शेजारचे सगळे फ्लास्क आणि कित्येक आठवड्यांचे काम ऑटोक्लेव्हमध्ये जाते.

पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते. ज्या दिवशी बरोबरच्या मुलांच्या एमडीच्या पदव्यांचे फोटो फोनवर येतात, त्याही दिवशी पेशींचा द्रव बदलायचा असतो. घरून येणारा फोन प्रयोगाबद्दल कधीच नसतो. ‘अजून किती वर्षे?’ एवढेच विचारलेले असते.

तरी डॉक्टरकडे एक गोष्ट असते, जी एमएस्सी करून आलेल्या हुशार विद्यार्थ्याला सहजी मिळत नाही. फ्लास्कमधल्या पेशी कोणाच्या तरी आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आधी निदानासाठी पॅथॉलॉजीकडे जाते. त्यांना हवा तो भाग घेतल्यावर उरलेला तुकडा बर्फावर ठेवून लॅबकडे धावायचे असते, तेही रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असेल तरच. ही संमती कशी घ्यायची, हे वाटते तितके सोपे नाही. भूल देण्याच्या आदल्या रात्री घाबरलेल्या बाईसमोर कागद धरून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. ‘तुमच्या गाठीचा उरलेला तुकडा आम्ही अभ्यासाला वापरू, त्याने तुमच्या उपचारात फरक पडणार नाही, नको असेल तर नाही म्हणा’, हे तिला कळेल अशा मराठीत, घाई न करता सांगावे लागते. ‘हेला’ पेशी ज्यांच्या शरीरातून घेतल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स यांना कोणी विचारलेही नव्हते. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या पेशी वाढत राहिल्या आणि कुटुंबाला कित्येक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. रुग्णाशी बोलायची सवय असलेला संशोधक ही चूक टाळू शकतो.

दुसरीही एक जबाबदारी त्याच्यावर येते. २०१० साली ‘इर्षा’मधल्या संशोधकांचा एक निबंध ‘बीएमसी कॅन्सर’मध्ये आला. दालचिनीच्या सालीचा पाण्यातला अर्क गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ‘सिहा’ या पेशीमालिकेवर काय परिणाम करतो, हे त्यात तपासले होते. अर्कामुळे त्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातला विद्युतभार ढासळतो आणि पेशी स्वतःहून मरतात, असे दिसले. काम चांगले, नीट केलेले. पण फ्लास्कमधल्या पेशी मरणे आणि बाईचा आजार बरा होणे यांच्यामध्ये प्राण्यांवरचे प्रयोग, विषारीपणाच्या चाचण्या, मात्रेचा शोध आणि माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे असतात. बहुतेक द्रव्ये त्या वाटेतच गळतात. आपल्याकडे मात्र अशा निबंधाचे एक वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरते आणि केमोथेरपी अर्धवट सोडून काढे घेणारे रुग्ण ओपीडीत येतात. ‘हा प्रयोग खरा आहे, पण तुमचे औषध सोडू नका’, हे अधिकाराने सांगणारा माणूस दोन्ही बाजू जाणणारा असावा लागतो.

‘सिहा’चा उल्लेख आलाच आहे, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कहाणी पूर्णच सांगितली पाहिजे. लॅब आणि गाव यांना जोडणारे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही.

जर्मनीतले हराल्ड त्सुर हाउजेन वैद्यकीय पदवीधर. हा कर्करोग नागिणीच्या विषाणूंच्या कुळातल्या विषाणूने होतो असे त्या काळी बहुतेक जण मानत. त्सुर हाउजेन यांनी चामखिळीच्या विषाणूंच्या कुळावर, म्हणजे एचपीव्हीवर, संशय धरला आणि वर्षानुवर्षे तो सोडला नाही. १९८३ साली त्यांच्या गटाला कर्करोगाच्या गाठीत एचपीव्ही-१६ सापडला. ‘सिहा’ पेशींत हाच प्रकार आहे. पुढे एचपीव्ही-१८ सापडला, तो ‘हेला’ पेशींतही निघाला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. विषाणू कळल्यावर त्याची चाचणी करणे शक्य झाले. पण ही चाचणी खेड्यातल्या बायकांचे जीव वाचवते का, हे पाहायला प्रयोगशाळा पुरत नाही. त्यासाठी गावोगाव जाणारी माणसे लागतात.

ती माणसे बार्शीत होती. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरिअल कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांत कोणाला कोणता कर्करोग झाला, कोण किती जगले, याच्या नोंदी घरोघरी जाऊन ठेवल्या जात. या तयारीवर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने, टाटा मेमोरिअलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना त्यात घेतले. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्यात नेहमीची सेवा. आठ वर्षांनी आकडे मोजले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप आणि डोळ्यांच्या तपासणीच्या गटांत मृत्यूंत ठळक घट दिसली नाही.

एप्रिल २००९ मध्ये हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तेव्हापासून या विषयावरच्या जगातल्या कोणत्याही चर्चेत उस्मानाबादचे नाव येते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीचीच शिफारस केली. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, यावर पुढे कडक टीकाही झाली. ती टीका रास्त प्रश्न विचारते, आणि असे प्रश्न अभ्यास आखतानाच विचारणारे डॉक्टर-संशोधक तयार करणे हेच त्याचे उत्तर आहे. दरम्यान २०२२ साली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या एचपीव्ही लशीला मंजुरी मिळाली.

आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात कधी ही तपासणी झालेल्या स्त्रिया २ टक्क्यांहूनही कमी आहेत. जगाला धडा देणाऱ्या देशाने स्वतः तो गिरवलेला नाही. शोध लावणे, तो गावापर्यंत नेणे आणि तो तिथे का पोहोचत नाही हे पुन्हा शोधणे, ही तिन्ही कामे संशोधनाचीच आहेत.

‘आधीच देशात डॉक्टर कमी, त्यांनी उंदीर कशाला सांभाळायचे?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. ‘ग्लोबोकॅन’ या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात १४ लाखांहून अधिक नवे कर्करोगी आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. एवढ्या रुग्णांना तपासायला हात हवेतच. पण याच रुग्णांसाठी टाटा मेमोरिअलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी काय केले ते पाहा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन द्यायचे, एवढाच प्रयोग. दात काढताना देतात तीच ही सुन्न करणारी भूल. देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. औषध अगदी स्वस्त, पेटंट कोणाचे नाही, आणि म्हणूनच कोणतीही कंपनी ही चाचणी स्वतःच्या पैशाने करणार नव्हती. २०२३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो खरा ठरत राहिला, तर एक सर्जन आयुष्यभर ओपीडीत बसून जितके जीव वाचवील, त्याच्या कैक पटींनी वाचतील.

मग अडते कुठे? पैशावर आणि वयावर. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेपाच वर्षे एमबीबीएस आणि इंटर्नशिप, तीन वर्षे एमडी, त्यावर चार-पाच वर्षे पीएच.डी. म्हणजे तिशी उलटून जाते. २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७ हजार आणि सीनियरला ४२ हजार रुपये मिळतात, वर घरभाडे. सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरचे विद्यावेतन याहून बरेच जास्त असते. म्हणजे एमडी झालेल्या माणसाने पीएच.डी.ला नाव नोंदवले की त्याचे उत्पन्न घटते. फेलोशिपची रक्कम महिनोन्महिने अडकून पडते, ती गोष्ट वेगळीच. खासगी कॉलेजची फी कर्ज काढून भरलेल्या घरातल्या मुलीने हे धाडस करावे, अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करायची? परिणाम असा, की संशोधनाकडे वळणारी मुले बहुधा सुस्थितीतल्या घरांतून येतात. बार्शी-परंड्याच्या प्रश्नांची जाण ज्यांना उपजत आहे, ती मुले या वाटेवर येतच नाहीत.

शिकून झाल्यावरही जागा नाही. वैद्यकीय महाविद्यालयात पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजतात, पण निबंधामागच्या कामाला लागणारा वेळ कोणी मोजत नाही. मग निबंध विकत देणाऱ्यांचा धंदा फोफावतो, आणि खरे काम करणारा माणूस शेवटी दवाखाना टाकतो.

अमेरिकेने या दुखण्यावर १९६४ सालीच उपाय सुरू केला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तीन विद्यापीठांत एमडी-पीएच.डी.चा एकत्र अभ्यासक्रम सरकारी खर्चाने चालू केला आणि पुढे तो देशभर वाढवला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या मुलांना सुट्टीत छोटे प्रकल्प करायला विद्यावेतन देते. या योजनेने अनेकांना पहिली गोडी लावली, पण ती दोन महिन्यांत संपते. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ साली ८०० खाटांचे रुग्णालय आणि एमडी-पीएच.डी.चा अभ्यासक्रम यांची घोषणा केली. त्यासाठी दोन दात्या कुटुंबांनी ४२५ कोटी रुपये दिले.

पुण्याला तर नवी इमारतही बांधायची गरज नाही. गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथून देशभर पेशीमालिका पुरवल्या जातात. पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशनबरोबर त्यांचे स्तनाच्या कर्करोगावर संयुक्त काम चालू आहे. ससूनला जोडलेले बी. जे. मेडिकल आहे, सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आहे, कात्रजला भारती आणि ‘इर्षा’ आहे. तीन तासांवर खारघरचे अॅक्ट्रेक आहे, जिथे टाटा मेमोरिअलच्या छत्राखाली कर्करोगावरच पीएच.डी. करता येते. या सर्वांना एका प्रवेशपत्रिकेवर आणणारी योजना तेवढी नाही.

ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणावी. सुरुवातीला वर्षाला दहा जागा पुरेत. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन गाईड असावेत, एक रुग्णालयातला आणि एक प्रयोगशाळेतला. या योजनेतल्या पीएच.डी.च्या तीन वर्षांत त्याला निवासी डॉक्टरइतके विद्यावेतन मिळावे आणि ड्युटी लावून त्याचा वेळ कापू नये. महिना एक लाख धरला तरी दहा जणांचे वर्षाचे सव्वा कोटीही होत नाहीत, आणि तीन तुकड्या एकत्र चालू असताना खर्च साडेतीन कोटींच्या आसपास राहतो. पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांच्यासाठी अर्धा वेळ वॉर्ड आणि अर्धा वेळ लॅब अशी पदे मंजूर करावीत. यातल्या निम्म्या जागा विदर्भ आणि मराठवाड्यातल्या कॉलेजांतून आलेल्या मुलांना द्याव्यात, कारण तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण त्यांनी जवळून पाहिलेले असतात. वैद्यकीय शिक्षण विभागाने आणि विद्यापीठाने हा प्रस्ताव पुढच्या पदव्युत्तर प्रवेशांआधी मांडावा, आणि कॅन्सरवर पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी तो आपापल्या आमदारांकडे लावून धरावा.